जुन्या वळणाचा खेळ: कुठला घ्यावा?



परवा रात्री साडेनऊला न्यू जर्सीहून नणंदेच्या सुनेचा फोन आला. तिकडे भर दुपार. "मामी, तुम्ही उन्हाळ्यात पोरांना घेऊन तो फाशांचा खेळ खेळता ना, तो आम्हालाही सुरू करायचाय. कुठलं पुस्तक मागवू? दुकानात गेले तर भिंतभर पुस्तकं. जुनं, नवं, जुन्यासारखं नवं... मला काही कळेना."

फोनवर मी काहीतरी अर्धवट सांगितलं. नंतर वाटलं, नीट लिहावं. तिची मुलं बारा आणि नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं. पुस्तकाची चौकशी करताना तिने हळूच म्हटलं, "निदान खेळताना तरी बोलतील का हो?" खरा प्रश्न तो होता, आणि माझं उत्तरही त्याच अंगाने आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही अशा नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगते. भातुकली आठवा. "मी आई, तू बाबा, हा दगड म्हणजे चूल." तसंच हे, फक्त घराऐवजी किल्ला, भुयार, जंगल. एकजण सूत्रधार. तो समोर काय दिसतंय ते सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. जिंकणं-हरणंही तसं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नेसन यांच्याबरोबर १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने हा खेळ काढला. पहिल्या वेळी हजार प्रती छापल्या होत्या. आता त्याची भिंतभर पुस्तकं झाली आहेत.

माझ्या घरी हा खेळ नातवाने आणला. तो पुण्याला असतो, मे महिन्यात कन्हानला येतो. तीन वर्षांपूर्वी आला तो एक जाडजूड रंगीत पुस्तक घेऊन. सध्या जगभर चालते ती पाचवी आवृत्ती (पहिली २०१४ ची, २०२४ मध्ये सुधारून आली). अशी मुख्य पुस्तकं तीन, आणि एकेकाची छापील किंमत सुमारे ५० डॉलर. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. डिक्शनरी जवळ घेऊन चाळीस पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. तरी खेळलो. नातू, त्याची धाकटी बहीण, शेजारची दोन पोरं, आणि सूत्रधार मी.

काय झालं सांगते. मी म्हटलं, "समोर जुनं लाकडी दार आहे, खालच्या फटीतून गार वारा येतोय." नातवाने कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पर्सेप्शन मारतो." फासा टाकला. "सतरा!" शेजारच्या मोठ्याने कागदाकडे पाहिलं. "मी इन्व्हेस्टिगेशन मारतो." पुन्हा फासा. अर्धा तास गेला, दार उघडलंही, पण त्या दाराबद्दल कोणी एक वाक्य बोललं नाही! चारही माना खाली कागदात. परीक्षेत उत्तर येत नसलं की मुलं जशी प्रश्नपत्रिकेकडे टक लावून बघतात, अगदी तसं चित्र. त्या वेळी मला वाटलं, हा खेळ आपल्याला जमणार नाही, सोडावा.

पण मुलाने (म्हणजे नातवाच्या बापाने) सांगितलं, की आई, पूर्वी हा खेळ असा नव्हता. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी लिहिलेली 'बेसिक' आवृत्ती फक्त ६४ पानांची होती. तिच्यात पात्राचा कागद चिठ्ठीएवढा. कुठली कौशल्यं, कुठले गुण, काही फारसं नाही. त्यामुळे दार उघडायचं असेल तर सांगावं लागायचं, की मी कान लावतो, मी फटीतून काडी सरकवून बघतो, मी बिजागरीला तेल लावतो. (कान लावण्यालाही जुन्या पुस्तकात फासा आहे, नाही असं नाही. पण कान लावायचं सुचावं लागतं ना!) सन २००० मध्ये तेव्हा या खेळाची मालकी असलेल्या कंपनीने नियमांचा बराचसा भाग खुल्या परवान्यावर वापरायला दिला, आणि २००६ पासून पुढे हौशी मंडळींनी त्याच आधाराने जुने खेळ पुन्हा लिहून काढले. जुन्या वळणाचे खेळ म्हणतात ते हे. त्यांचीच आता इतकी गर्दी झाली आहे, की आमच्या सूनबाईसारखं माणूस गोंधळणारच.

मी त्यांतले पाच-सहा वाचले, तीन खेळून पाहिले. माझी कसोटी एकच. मुलाची पाळी आली की ते कागदाकडे बघतं की माझ्याकडे?

पहिला आणला 'ओल्ड-स्कूल इसेन्शल्स'. गॅव्हिन नॉर्मन यांनी २०१९ मध्ये काढला. १९८१ चेच नियम, पण इतके स्वच्छ मांडलेले की एक विषय समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. पाठ्यपुस्तक मंडळाने धडा घ्यावा अशी मांडणी. मूळ नियमांचा छोटा भाग फुकट मिळतो. त्यातल्या दोन गोष्टी तर मला फारच आवडल्या. एक म्हणजे, समोर कोणी भेटलं की ते लढेलच असं नाही. दोन फासे टाकून त्याचा कल बघायचा. दुसरी, भुयारातून आणलेल्या धनावरून अनुभव वाढतो, मारामारीवरून अगदी थोडा. सुरुवातीला मी नाक मुरडलं, धन आणलं म्हणजे माणूस शहाणा झाला काय! पण पोरांनीच ते समजावलं. मारामारीत फायदा नाही म्हटल्यावर ती युक्त्या शोधायला लागली.

त्या पहिल्या फाशाची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गॉब्लिन नि ऑर्क मला जमत नव्हते, म्हणून मी आपलीच मंडळी घातली. शेतात चकवा, पडक्या वाड्यात हडळ, वेशीबाहेरच्या पिंपळावर मुंजा. मुंज्याचा फासा टाकला तर बारा! म्हणजे खुशीत आहे. आता खुशीतल्या मुंज्याशी काय बोलायचं? शेजारचा धाकटा पुढे सरकून म्हणतो, "काहून बसून राह्यला बे इथं? खाली ये नं." पुढे वीस मिनिटं मुंज्याशी गप्पा. त्याला लाडू हवेत, त्याला खेळायला कोणी नाही, विहिरीकडची वाट त्याला माहीत आहे पण फुकट सांगणार नाही... पुण्याचा नातू, जो एरवी माझ्याशी "हो", "नको", "चालेल" एवढंच बोलतो, तो मुंज्याशी लाडवांचा सौदा करत होता. परत गेल्यावर महिनाभर "काहून" म्हणत होता. त्याच्या आईचा फोन आला. :-)

मग तो खेळ का सोडला? झिपरीमुळे.

झिपरी हे धाकट्या नातीचं पात्र. ती तेव्हा आठ वर्षांची. तिला जादूगार व्हायचं होतं. या जुन्या नियमांत पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव म्हणजे चार पैलूंच्या फाशावर जे पडेल ते. झिपरीला पडले दोन. मंत्र एक. रामटेकजवळचा नगरधनचा किल्ला मुलांनी पाहिलेला आहे (वाकाटकांचं नंदिवर्धन ते हेच). त्यावरून मी मनाने एक किल्ला रचला, त्यात पायऱ्यांची विहीर, तळाशी एक मूर्ती, मूर्तीला सोन्याचा डोळा. झिपरीने डोळा काढला. सुईला विष. विषाचा नियम असा, की वीस पैलूंचा फासा टाकायचा, ठरावीक आकडा आला तर वाचलात, नाहीतर मेलात. पडला चार. मेली.

पोर आधी हसली, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग जी रडायला लागली! जेवली नाही. सूनबाई मला काही बोलली नाही, पण भांडी जरा जोरात वाजली. मुलगा म्हणाला, "आई, नव्या आवृत्तीत असं होत नाही. जीव शून्य झाला तरी वाचायला पुन्हा फासे मिळतात. आठ वर्षांच्या पोरीला काय मारतेस!"

रात्रभर मी विचार केला. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पुष्कळ मुलं नापास केली. काहींच्या बाबतीत आजही वाटतं की बरोबर केलं, काहींच्या बाबतीत झोप येत नाही. फरक कुठे होता ते त्या रात्री लक्षात आलं. ज्या मुलाला घटक चाचणीत कळलं होतं की आपलं गणित कच्चं आहे, त्याला वार्षिकला नापास करणं वेगळं. वर्षभर काही न सांगता मार्चमध्ये लाल शेरा मारणं वेगळं. झिपरीच्या बाबतीत मी दुसरं केलं होतं. मूर्तीच्या पायाशी मेलेला उंदीर पडलाय, डोळ्याभोवती बारीक भोक आहे, हे मी सांगायला हवं होतं. वहीत लिहिलं होतं, बोलायचं राहिलं. चूक पुस्तकाची नाही, माझी.

सकाळी नात चहाच्या वेळी येऊन बसली. म्हणाली, "आजी, झिपरीची बहीण आहे. ती खाली जाणार आहे." आणि ती बहीण कशी गेली म्हणता! आधी दोर बांधला. मग खडे टाकले. पायरीवर पाणी ओतून बघितलं कुठं मुरतं का. मूर्ती कशाची आहे, डोळे दोन की एक, धूळ किती, वास कसला? मला एकेका प्रश्नाचं उत्तर देता देता घाम फुटला. आदल्या दिवशीपर्यंत ही मुलगी "मी उघडते", "मी घेते" एवढंच म्हणत होती. तेव्हा मरण काढून टाकायचं नाही, हे माझं पक्कं झालं. ज्या विहिरीत काहीच होऊ शकत नाही तिच्याबद्दल कोण कशाला प्रश्न विचारील? पण मरण सांगून आलं पाहिजे.

हे ठरल्यावर दुसरे खेळ चाळले. 'डन्जन क्रॉल क्लासिक्स' (२०१२) म्हणून एक आहे. त्यात प्रत्येकाने तीन-चार साधी गावकरी माणसं घ्यायची आणि भुयारात सोडायची, जी वाचतील ती पुढे वीर होतात. कल्पना मजेची. पण पुस्तक चारशे पानांच्या वर, आणि फासे सात पैलूंचे, चौदा पैलूंचे, तीस पैलूंचे! नागपुरात सीताबर्डीला वीस पैलूंचा विचारला तेव्हाच दुकानदार माझ्याकडे संशयाने बघत होता. 'शॅडोडार्क' (२०२३) मध्ये मशाल खऱ्या घड्याळाने एक तास चालते, मग अंधार. मुलांना हे भयंकर आवडलं. आमचं निम्मं आयुष्य भारनियमनात कंदिलाच्या काचा पुसण्यात गेलं, आम्हाला त्याचं नवल नाही. पण ती एक युक्ती कुठल्याही खेळात घालता येते, त्यासाठी आणखी एक पुस्तक नको. मॅट फिंच यांचा 'सोर्ड्स अँड विझर्ड्री' (२००८) सगळ्यात मूळ आवृत्तीच्या जवळचा आहे म्हणतात. चांगला आहे, पण आम्हाला लागणारं त्यात वेगळं काही सापडलं नाही.

खरी निवड दोघांत उरली.

एक 'बेसिक फँटसी'. ख्रिस गॉनरमन आणि त्यांच्याबरोबरच्या हौशी मंडळींनी २००७ पासून चालवलेला. फुकट उतरवून घ्या, आणि छापील हवं असेल तर जवळपास छपाईच्या खर्चात. त्यात चिलखताचा आकडा जितका मोठा तितकं चिलखत चांगलं. १९८१ च्या पुस्तकात उलटं होतं, नऊपेक्षा दोन चांगले. (मुलांना ते अवघड जातं असं सगळे म्हणतात. आमच्या पोरांना क्षणात कळलं. वर्गात नववा येण्यापेक्षा दुसरा येणं चांगलं, त्यात काय!) पातळ्या आहेत, मंत्रांच्या याद्या आहेत, वर्षभर पुरेल इतकं सगळं आहे.

दुसरा 'केअर्न'. योचाई गाल यांनी २०२० मध्ये लिहिला, दुसरी वाढवलेली आवृत्ती २०२४ ची. पहिली आवृत्ती जेमतेम वीस-पंचवीस छोट्या पानांची. पात्राला गुण तीनच, बळ, चपळाई आणि मनोबळ. जादूगार वगैरे जात नाही. ज्याच्या हातात पोथी तो मंत्र म्हणणार, पण मंत्र म्हटला की थकवा येतो, आणि थकवा सामानाची जागा अडवतो. जागा एकूण दहा. तेव्हा दोर घ्यायचा, कंदील घ्यायचा की पोथी, यावर आमच्याकडे वर्हांड्यात असं भांडण झालं की शेजारीण बघायला आली. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं म्हणजे, सूत्रधाराने कसं वागावं हेही त्यात लिहिलंय. धोका खरा असावा, पण मोठा धोका असेल तर त्याची चाहूल आधी द्यावी. माझा मेलेला उंदीर! हे वाक्य आधी वाचनात आलं असतं तर झिपरी... असो.

लढाईत नेम साधला का म्हणून फासा टाकायचा नाही, वार लागतोच. वाचून वाटलं, मुलं पटापट मरतील. झालं उलट. वार लागणारच म्हटल्यावर कोणी उगाच तलवार काढेना. आधी बोलणी, मग लाच, मग पळ, आणि अगदीच नाही तर मारामारी.

तर सूनबाई, माझं मत 'केअर्न'. कारण त्यात मुलांना कागदात बघण्यासारखं काही नाही, ती तुझ्याकडेच बघतील. दुसरं कारण भाषेचं. हा खेळ अशा परवान्यावर दिलेला आहे की भाषांतर करून वाटायलाही मोकळीक आहे, फक्त मूळ लेखकाचं नाव द्यायचं आणि पुढच्यालाही त्याच अटीवर द्यायचं. विरजणासारखं. मी शंभर पानी वहीत तीन आठवड्यांत मराठी केलं. एकाच शब्दाला अडले. 'हिट प्रोटेक्शन' म्हणजे जीव नव्हे, वार अंगाला लागण्यापूर्वी निसटण्याची ताकद. दोन दिवस विचार करून 'चुकवणी' लिहिलं. नातवाला दाखवलं तर म्हणाला, "आजी, हे इंग्लिशपेक्षा बरं आहे." त्या पोराकडून एवढी शाबासकी म्हणजे खूप झालं.

'सेव्ह' म्हणजे 'निभाव'. "निभाव लागला का?" असं नात विचारते तेव्हा मला फार बरं वाटतं. हा शब्द तिने दुसरीकडे कुठे ऐकला असता?

नातवाचा आक्षेपही नोंदवते, नाहीतर रागावेल. त्याचं म्हणणं, 'केअर्न'मध्ये पातळ्या नाहीत, पात्र वाढतंय असं वाटत नाही, दोन महिन्यांनी कंटाळा येतो. खरं आहे. यंदा तो म्हणालाच, "आता बेसिक फँटसी." मी हो म्हटलं, कारण आता त्यांना बोलायची सवय लागली आहे, कागद थोडा मोठा झाला तरी चालेल. पण सुरुवात तिथून नको. आणि तुझ्या मुलांच्या शाळेतली मित्रमंडळी पाचवी आवृत्तीच खेळत असणार. तिथे त्यांनी तीच खेळावी, त्यात वाईट काही नाही. मित्र महत्त्वाचे. घरात मात्र हा.

वहीची पानं मुलगा स्कॅन करून पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर फोन कर. पुस्तक, पेटी, पडदा, रंगीत बाहुल्या काही विकत घेऊ नकोस. फासेसुद्धा लगेच नकोत. आम्ही पहिला महिनाभर एक ते वीस आकडे घातलेले चिंचोके स्टीलच्या डब्यात हलवून काढत होतो, डब्याच्या आवाजानेच मुलं गोळा होतात.

आणि पहिल्याच दिवशी विहीर ठेवू नकोस. पिंपळ ठेव. मुंज्याला काय हवंय ते आधी ठरवून ठेवायचं नाही, मुलांनाच विचारायचं. ती इंग्रजीतून बोलली तर मुंज्याला कळत नाही म्हणून सांग.